राळेचा वास

छागळ शिवण्यात लेकीचा हात बापाच्याही पुढे गेला होता, पण हे तो कुणाजवळ कबूल करायला तयार नव्हता. चामड्याचे दोन तुकडे भिजवायचे, दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून दोन्हीकडून टाके घालायचे, मग आत ठासून वाळू भरायची आणि पाण्याच्या या बाटलीचं पोट फुगवून सुकू द्यायचं. सगळं तिने एकटीने केलं. म्हातारा शेजारी बसून नुसत्या खोड्या काढत होता.

"टाका ओढ जरा. बाटली शिवतेयस, उशी नव्हे."

"बाबा, तुम्ही गप्प बसलात तर लवकर होईल माझं."

ती नवऱ्याचं घर सोडून कायमची परत आली, तेव्हापासून बापलेकीचं हे असंच चाललं होतं. बाजारातल्या दुकानदाराने मोठ्या मिनतवारीनंतर शब्द दिला होता, की एक छागळ करून दाखवा, पाणी धरलं तर बारा महिने काम देतो. पण कातडं कमावणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला. घरात जाड कातडं उरलं होतं ते एवढंच. बापाच्या मागे लेकीचं पोट चालणार की नाही, ते या एका बाटलीवर ठरणार होतं.

वाळू काढून आत गरम राळ आणि मेण ओतायचं तेवढं बाकी होतं. खरं काम तेच. राळ कमी तापली तर चामड्यात मुरत नाही आणि बाटली गळते. जास्त तापली तर चामडं आक्रसतं, आणि एकदा आक्रसलेलं चामडं कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नेमकी वेळ ओळखायची ती वासावरून. या घरात ते मुलांना शिकवायचे, सुनांना शिकवायचे. लेकी उद्या परक्या घरी जाणार, विद्या तिकडे नेणार, म्हणून राळ तापायला ठेवली की त्यांना बाहेर पिटाळायचे. यानेही हिला तसंच पिटाळलं होतं. मुलाला मात्र जवळ बसवून शिकवलं, आणि तो दूरदेशी नोकरीला लागून सगळं विसरून गेला.

आज त्याने लेकीला जवळ बसवून घेतलं. स्टोव्हवर राळ वितळली, बुडबुडे आले. म्हातारा वाकून हुंगत राहिला.

"ओतू?" तिने विचारलं.

तो भांड्यावर आणखी वाकला. मागच्या आजारपणापासून त्याला वास येईनासा झाला होता. येईल परत, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. स्वभावच असा, नाकावर माशी बसू द्यायची नाही. आधी सांगितलं असतं तर कात्रणांवर चार वेळा करून बघता आलं असतं. पण बुडबुड्यांवरून, धुरावरून जमेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. आता भांड्याकडे बघून त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं, आणि त्याची घाबरगुंडी उडाली.

"वास कसा येतोय गं?"

"राळेचा."

"ते मलाही ठाऊक आहे. कसा?"

तिने चमकून पाहिलं. "तुम्हाला येत नाही?"

"तू सांग आधी!"

"गोडसर. साखर वितळल्यासारखा."

गोडसर असायचा का? त्या वासाला त्याने जन्मात कधी नाव दिलं नव्हतं. त्याचा बापही नुसती मान हलवायचा, की ओतायचं.

"थांब जरा. आता?"

"आता कडवट झालाय."

"कडवट म्हणजे किती?"

"किती म्हणजे काय सांगू, बाबा!"

"ओत! ओत लवकर!"

तिने ओतली. आधी बाटलीची मान आत ओढली गेली, मग पोटाला सुरकुत्या पडल्या. टाक्यांच्या कडेने चामडं तडकलं आणि राळ तिच्या पायाशी ठिबकू लागली. म्हातारा नुसता बघत राहिला. लेकीचं वाटोळं आपण आपल्या हाताने केलं, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

तिने स्टोव्ह बंद केला. मग सावकाश म्हणाली, "कडवट होण्याआधी तो वास एकदम मऊ झाला होता. क्षणभरच. तेव्हा ओतायला हवं होतं ना?"

इतकं नेमकं या घरात कुणी सांगितलं नव्हतं. "हो," म्हातारा म्हणाला, "तेव्हाच."

"मग पुढच्या वेळी नाही चुकणार मी," ती म्हणाली, आणि पुढच्या वेळेसाठी घरात कातडंच नाही, हे बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं.