सतरा टेपा आणि एक वीत

आमचे काका शिंपी. कुणाचंही माप घेताना ते हमखास सांगायचे, "आमचे पूर्वज समुद्र ओलांडून आलेत, बरं का!" दर वर्षी त्यात एक समुद्र वाढायचा. सातवा आला तेव्हा माझं डोकं फिरलं. महिनाभर सरकारी दप्तरखान्यात धूळ खाल्ली आणि कागद आणून त्यांच्या पुढ्यात आपटले. पाच पिढ्या, सगळ्या याच गल्लीत! खापरपणजोबा कोपऱ्यावरच्या घरातून आमच्या घरात आले, संपलं स्थलांतर.

काकांचा चेहरा आधी पडला. मग ते फिस्सकन हसले, गळ्यातली टेप ओढली आणि तरातरा कोपऱ्यावर गेले. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. आमच्या मागून अर्धी गल्ली आकडे ओरडत येत होती. सतरा टेपा भरल्या, वर एक वीत.

"एवढंच?" काका पायरीवर बसून पोट धरधरून हसायला लागले.

दारातून काकू कडाडली, "आणि मी? लग्न करून आले तेव्हा चार दिवस बोटीत ओकत होते, ते काय हौस म्हणून?"

काकांचं हसू तोंडातच राहिलं. त्यांनी माझे कागद पुन्हा चाळले. काकूचं नाव कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावत ते म्हणाले, "आमचे पूर्वज समुद्र ओलांडून आलेत. एकच, पण खरा. त्या बघा, आत भाजी निवडतायत."