माझ्या नाकावरचे नारळ

मी होडी बोलतेय. लाकडाची नाही, फायबरची. लाकडाच्या होड्या बोलत नाहीत, नुसत्या कुरकुरतात.

एक्क्याऐंशी साली सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी झाले. माझं सगळं उलटं. आधी कातडी, मग हाडं. साच्याला मेण चोपडलं, त्यावर जेलकोट म्हणजे पांढरी चकचकीत कातडी मारली, आणि मग मागून काचेच्या धाग्यांची मॅट आणि चिकट रेझिन, थरावर थर. भिकन नावाचा कारागीर दिवसभर मला ब्रशनं थापटत होता आणि स्वतःला खाजवत होता. काचेची कुसं अंगात गेली की माणूस आठवडाभर खाजवतो. त्यानं मला ज्या शिव्या दिल्या, त्याच माझ्या कानावर पडलेल्या पहिल्या ओव्या.

पहिला मालक गंगापूर रोडचा वकील. त्याला मासे धरायची हौस. दोनदा धरणावर नेलं. पहिल्यांदा गळाला चप्पल लागली, दुसऱ्यांदा त्याचा चष्मा पाण्यात गेला. हौस संपली. मग तीन वर्षं मी बंगल्यामागे उपडी. वर वकिलीणबाई कुरडया वाळवायच्या, खाली कुत्री व्यायची.

तिथं मला खंडेरावनं पाहिलं. धरण भरलं तेव्हा त्याच्या गावाचे दोन तुकडे झालेले. घर अलीकडे, शेत पलीकडे. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस, पाण्यातून वीस मिनिटं. वकील म्हणाला, "घेऊन जा बाबा. कुत्रीसकट ने."

खंडेराव माणूस चांगला. वल्ही मारताना मोठ्यानं जांभया देतो, एवढंच. पण पहिल्याच दिवशी त्यानं घोळ घातला.

तुमच्याकडे नवी वस्तू आली की नारळ. ट्रॅक्टर आला, चाकापुढे नारळ. गिरणी आली, गिरणीपुढे नारळ. पुढे, हे लक्षात घ्या. माझ्यापुढे काय होतं? गुडघाभर चिखल. चिखलात नारळ फुटत नाही. म्हणून खंडेरावनं हळद-कुंकू लावून तो माझ्याच नाकावर हाणला. एका घावात दोन भकलं. लोक खूश. मला चांदण्या दिसल्या, त्याचं कोणाला काय.

मग ती रीतच पडली. दसऱ्याला नारळ, पोळ्याला नारळ, नवरी पलीकडे चालली तर नारळ. एका चैत्रात वणीला निघालेल्या लोकांनी एका दिवसात अकरा फोडले. देवी तिकडे गडावर, आणि तिच्या नावानं मार खातेय मी. प्रसाद तरी मिळावा की नाही? खोबरं सगळे खायचे, माझ्या वाट्याला पाणी. तेही नारळाचं, चिकट.

दोन वर्षांत नाकावर बारीक भेगांची चांदणी उमटली. आधी केसाएवढ्या, मग नखाएवढ्या. त्यातून पाणी यायला लागलं. खंडेरावनं डांबर लावलं. लाकडाच्या होडीला चालतं ते, पण मी गुळगुळीत, चार दिवसांत पापुद्रा निघाला. मग त्यानं साबण चोळला. रॉकेलचा डबा गळला की चोळतात ना, तसा. पाणी यायचं थांबलं नाही, फेस मात्र यायला लागला. बसणाऱ्यांचे पाय स्वच्छ झाले.

खंडेरावची बायको चतुराबाई तर पहिल्यापासून माझ्या वाईटावर. "द्या सोडून ती पिचकी," ती म्हणायची. "गोठ्यात आणून ठेवा. म्हशींना पाण्याला हौद होईल."

हसू नका. म्हशीच्या जिभेचा विचार करून माझ्या अंगावर काटा यायचा.

आणि शहाऐंशी साली कागद आला. सोमवारी धरणाचे साहेब येऊन होडी तपासणार. आत पाणी दिसलं तर होडी चालवायचा परवाना रद्द. म्हणजे खंडेरावचं शेत गेल्यातच जमा, कारण रोज अर्धा दिवस वळसा घालून कोण शेती करतो? आणि मी गोठ्यात.

खंडेराव सायकल हाणत सातपूरला गेला आणि रविवारी सकाळी भिकनला घेऊन आला. भिकनचे केस आता मागे गेलेले, पण खाजवणं तेच.

त्यानं मला उपडी केली आणि कानस घेऊन भेगा खरवडायला लागला. नखाएवढ्या भेगेचा बोटाएवढा चर केला. खंडेराव उठून उभा राहिला.

"अरे, बुजवायला आणलं तुला. मोठी काय करतो?"

"दाढ भरताना डॉक्टर आधी कोरतो का नाही? कीड आत ठेवून वरून चांदी लावू?"

"पण तू तर पार जबडाच काढला की."

"तुम्ही चहाचं बघा."

त्यानं प्रत्येक भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे भेग पुढे पळत नाही. घासलं, पुसलं, सुकवलं. आतून मॅटचे तुकडे, लहानावर मोठा, मोठ्यावर आणखी मोठा. रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब मोजून टाकले. ते कडक झाल्यावर वरून जेलकोट लावून प्लॅस्टिकचा कागद चिकटवला, कारण उघड्या हवेत तो चिकट राहतो. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. कोणीतरी पहिल्यांदा माझं नाक पुसलं होतं.

मग त्यानं विचारलं, "ही चांदणी पडली कशानं? दगडाला घासली असती तर ओरखडा आला असता. हे वरून कोणीतरी हाणलंय."

"कोण हाणणार? आम्ही तर देवासारखी ठेवतो हिला. नारळ फोडतो."

"कुठं फोडता?"

खंडेरावनं प्रेमानं माझ्या नाकावर हात ठेवला. भिकननं तो हात उचलून बाजूला केला.

"उद्या पाण्यात सोडा, पण आठ दिवस नाकाला धक्का लावू नका," तो म्हणाला. "माल अजून कच्चा आहे. आणि नारळ तर जन्मात नाही."

"साहेबाला सांगावं लागल का हे?" चतुराबाईनं विचारलं.

"सांगा की. नारळानं फुटणारी होडी माणसं काय नेणार, म्हणेल आणि परवाना रद्द करून जाईल."

सोमवारी साहेब जीपमधून आले. मला पाण्यात सोडली. खंडेराव, साहेब आणि वजनाला चार माणसं. मी श्वास रोखून धरला. पलीकडे जाऊन परत आलो, आत थेंब नाही. साहेबांनी नाकावर बोट फिरवलं, खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात पुंजाकाका आला. हा खंडेरावचा चुलता, सत्तरीचा. रविवारी तो पाहुण्यांकडे गेलेला, त्याला काहीच माहीत नाही. हातात हार आणि हा एवढा नारळ.

"साहेबाच्या हातानं होऊ द्या," म्हणत त्यानं नारळ साहेबांच्या हातात दिला.

साहेब खूश. पेन परत खिशात. बूट काढले, नारळाची शेंडी धरली आणि माझ्या नाकावर नेम धरून हात वर केला. खंडेरावचं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी मनात म्हशींना रामराम केला.

"थांबा साहेब," चतुराबाई म्हणाली. "आम्हाला सुतक हाय."

साहेबांचा हात वरच. "कोणाचं?"

"ह्यांचे चुलते वारले. पुंजाकाका."

नारळ आणणारा पुंजाकाका शेजारीच उभा. त्यानं चतुराबाईकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"मग हा नारळ कशाला आणला?"

"दहाव्याला लागणार हाय. चुकून तुमच्या हाती गेला."

साहेबांनी नारळ असा खाली ठेवला, जसा काही तापलेला तवा. पुंजाकाकाकडे बोट करून विचारलं, "आणि हे कोण?"

"त्यांचे धाकले भाऊ," खंडेरावला एकदाचा आवाज फुटला.

पुंजाकाकानं डोक्यावरची टोपी काढली, डोळे पुसले.

"लय चांगला माणूस होता, साहेब," तो म्हणाला. "असा माणूस पुन्हा होणे नाय."

साहेब चहालाही थांबले नाहीत. जीपच्या टपावर कागद ठेवून सही केली, लांबूनच खंडेरावकडे टाकला आणि गेले.

जीप दिसेनाशी झाल्यावर पुंजाकाका चतुराबाईला म्हणाला, "मारलंच हाय, तर आता दहाव्याला लाडू कर." तिनं केले. दहा दिवस तो लाडवाची वाट बघत काठावर बसून होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःचे गुण सांगत होता.

आता मी बरी आहे. नाकावरचं ठिगळ बाकीच्या अंगापेक्षा पांढरं दिसतं, भिकनला रंग जुळला नाही. चतुराबाई माझ्यात बसून पलीकडे जाते आणि हौदाचं नाव काढत नाही. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगते, नारळ दगडावर फोडा, पाण्यात सोडा, घरी नेऊन चटणी करा. माझं नाक सोडा.

आता परवाना एकाच वर्षाचा मिळतो. साहेब पुन्हा येणार आणि राहिलेला नारळ फोडू म्हणणार, म्हणून परवा काठावर बैठक बसली, यंदा सुतक कोणाचं सांगायचं. कोणी तयार होईना. शेवटी पुंजाकाकाच म्हणाला, "थोरला गेला, आता धाकल्याला मारा. मला सवय हाय."