गेनूचा दशम्यांचा डबा

मी एक जुना पितळी डबा आहे, मित्रांनो. भोरला राजांचा कारभार होता, तेव्हा तिथल्या तांबटानं मला ठोकून घडवलं. आंबवड्याच्या सगुणाबाईनं मला घरी नेलं. देवळात कीर्तन असलं की आरतीनंतरची खडीसाखर माझ्यातूनच वाटली जायची. काय थाट होता माझा! बुवांनी नामाचा गजर केला की माझं झाकणसुद्धा थरथरायचं.

मग सगुणाबाईचा गेनू पुण्याला कॉलेजात गेला आणि मी दशम्यांचा डबा झालो. दर बाजाराला ती फडक्यात दशम्या बांधून भोरला यायची; पुण्याच्या मोटारीचे आनंदराव मला आणून द्यायचे आणि भरून माघारी न्यायचे. आमच्या घरी भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणून मला माघारी धाडताना गेनू तुळशीची पानं, कधी अंगारा, काही ना काही ठेवायचाच.

टर्म संपत आली. खोलीतला सोबती अभ्यासाला आपल्या घरी गेला. गेनू एकटा उरला. गावात तो कधी एकटा जेवला नव्हता. पुस्तक उघडायचा, मिटायचा आणि मलाच विचारायचा, "आये आता काय करत आसंल रं?" पुढच्या आठवड्यात तर त्यानं माझं झाकणही काढलं नाही. भरल्या पोटीच मला मोटारीवर दिलं.

भोरला आनंदराव हसले. "सगुणावैनी, डबा लई जड हाय. पोरानं मिठाई धाडली जणू!"

सगुणाबाईनं झाकण काढलं. दशम्यांना बुरशी आली होती. तिनं मला नदीवर घासलं, फडक्यातल्या ताज्या दशम्या भरल्या आणि मला मांडीवर घेऊन मोटारीत बसली.

"आवो, डबा धाडायचा का तुमी चाललाय?"

"आज दोगंबी," ती म्हणाली.

खोलीत गेनूनं वळकटी बांधून ठेवली होती.

"आये! मी घरलाच निघालो हुतो. हितं बोलाया कुणी न्हाई. परीक्षा ऱ्हाऊ दे."

"आदी बस. म्याबी सकाळधरनं काय खाल्लं न्हाई."

दोघं जेवली. मग तिनं विचारलं, "आरतीआदी कीर्तनातनं उठलास का कदी?"

"न्हाई."

"मग हितनंच का उठतुयास?"

गेनूनं वळकटी सोडली. निघताना सगुणाबाईनं मला त्याच्यापाशीच ठेवलं. "ह्याला आता तूच घिऊन ये."

परीक्षा झाली आणि गेनू मला घेऊन थेट आंबवड्याच्या देवळात आला. आरती नुकतीच संपली होती. त्यानं माझं झाकण काढलं. आत पुण्याहून आणलेली खडीसाखर होती. सगुणाबाईनं एक खडा तोंडात टाकला. पेपर कसे गेले, हे काही तिनं विचारलं नाही.

आता मी माळ्यावर असतो. कल्हई उडाली, बूड चेपलं. कीर्तनाचा आवाज आला की एकट्यानंच थरथरतो. मला घासून लख्ख करा, असं मी म्हणत नाही, मित्रांनो. पण कुणाचा डबा भरलेलाच परत आला, तर तो नुसता विसळून पालथा घालू नका. जो जेवला नाही, त्याच्याकडे जा. आणि जमलं तर उपाशी जा.