तळ्यावरचं हरीण

हरीण! आमच्या तळ्यावर हरीण! चर्चच्या हॉलमधलं प्रदर्शन बघायला शिरले आणि समोरच ते चित्र पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझी धाकटी बहीण हेस्टर. आख्खं आयुष्य घालवलं तिने हे गोठलेलं तळं रंगवण्यात. चित्र कुठलंही घ्या, मधली जागा रिकामी. आमचा भाऊ सायलस लहानपणी तिथेच बर्फ फुटून बुडाला. खाली झरा आहे, त्यामुळे बर्फ कायम पातळ. व्हर्मॉन्टमधल्या आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा तिथे पाऊल टाकत नाही. 'फार सुनं वाटतं हो,' असं म्हणून लोक हिची चित्रं सोडायचे आणि दुसऱ्यांनी काढलेली बदकं घेऊन जायचे. मेली ती बदकं!

हे चित्र मागच्या हिवाळ्यातलं, मी स्वतः रिकामं पाहिलेलं. आणि आता सायलसच्या जागेवर चार पाय रोवून हरीण उभं.

चित्रं विकणारा प्रेंटिस तिथेच होता. एखादं जनावर टाका, जनावर टाका, म्हणून हाच तिच्या मागे लागलेला.

"कुणाकडून रंगवून घेतलंस रे हे हरीण? लाज नाही वाटली?"

"बाई, ऐकून तरी घ्या..."

"तुझं ऐकू? आमच्या भावाच्या उरावर जनावर उभं करतोस आणि वर तुझं ऐकू?"

हेस्टरची रंगपेटी टेबलावर होती. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि घासायला लागले. हरणाचा रंग ओलाच होता. कान गेले, मान गेली, पाय गेले. माणसं चर्चच्या जेवणातल्या घेवड्याच्या ताटल्या हातात धरून बघत राहिली. बघा म्हटलं, खुशाल बघा!

"ताई." मागे हेस्टर उभी होती. "ते मी काढलं होतं."

"तू? या मेल्याचं ऐकून?"

"कुणाचं ऐकून नाही. परवा सकाळी खरंच आलं ते तळ्यावर. मी खिडकीतून ओरडले, काच बडवली, पण हलेचना. बराच वेळ तिथेच उभं राहिलं. मग सावकाश चालत पलीकडे गेलं." तिने पुसलेल्या जागेवर बोट ठेवलं. "बर्फ फुटला नाही गं, ताई. या वेळी फुटला नाही."

माझ्या हातातल्या चिंधीवरून तपकिरी रंग ठिबकत होता. प्रेंटिसवर आला नव्हता एवढा राग मला आता तिचा आला.

"मग मला का नाही हाक मारलीस?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "मलाही बघायचं होतं ना!"