सान रोकेचे हात

"हा नाकाचा अभाव," मॅडम पुतळ्याभोवती फिरत म्हणाल्या, "फार बोलका आहे."

वर्ग शांत होता. शुक्रवारी दुपारी तो शांतच असतो. 'कला, संस्कृती आणि आपण' या विषयासाठी प्रत्येकाने घरातली अशी वस्तू आणायची होती, जिच्यात फिलिपिनो माणूस दिसेल. माझ्याआधी तिघांनी जेवणघराच्या भिंतीवरचे लाकडी चमचा-काटा आणले होते, वल्ह्याएवढे. त्यामुळे फिलिपिनो माणूस पुरेसा दिसून झाला होता. मी आणला वडिलांनी लाकडात कोरलेला संत, सान रोके, आणि त्याच्या पायाशी बसणारा त्याचा कुत्रा. कुत्रा सुरेख होता. संताला नाक नव्हतं, आणि मनगटांपुढे काहीच नव्हतं.

"कुत्रा पूर्ण, माणूस अपूर्ण! परक्यांनी तीनशे वर्षं आपल्याला चेहरा दिला, तुझ्या वडिलांनी तो नाकारला. हो ना, पेर्पेतुआ?"

"हो, मॅडम." मला गुण हवे होते.

खरं म्हणजे ताताय, माझे वडील, काही नाकारायला बसले नव्हते. आमच्या पाएते गावात घरटी एक माणूस संत कोरायचा. ताताय सान रोके कोरायचे. पुढे संतांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि ताताय प्रवासी जहाजावर बर्फ कोरायला गेले. हंस, मासे, क्वचित नवरानवरी. जेवणाच्या वेळी मांडायचे, जेवणं आटोपली की मोरीत ओतायचे. आमच्या निम्म्या गावाची कला अशी समुद्राला मिळते, आणि त्या पगारावर आमच्यासारखी मुलं मनिलात कलेचा अभ्यास करतात.

आई गेल्यापासून घराला कुलूप होतं आणि मी वसतिगृहातल्या एका खाटेवर. या खेपेला ताताय जहाजावरून सुट्टीवर आले, तेव्हा मात्र मूर्तींच्या कारखान्याची मालकीण, चोलेंगमावशी, त्यांना म्हणाली होती, "अनासेलो, एक सान रोके करून दाखव. जमला तर जहाजाचा नाद सोड, माझ्याकडे बस." शनिवारी घरी जावं आणि आत कोणीतरी दिवा लावलेला असावा, एवढाच माझा बेत होता.

कुत्रा झाला. अंगरखा झाला. हात आमच्याकडे वेगळे कोरून शेवटी बसवतात, तेव्हा आधी चेहरा. तिथे पटाशी खोल गेली. तातायनी नाकाचा तुकडा उचलला, वाटीतल्या पाण्यात बुडवला आणि जागेवर दाबून धरला. बर्फाचं नाक तसं चिकटतं. ते बराच वेळ दाबून बसले होते. मग त्यांच्या लक्षात आलं.

चोलेंगमावशीला मूर्ती दाखवलीच नाही. मी ती वर्गात नेली, आणि त्याच संध्याकाळी परत घरी आणली. ताताय निघायचे होते.

"काय म्हणाल्या तुझ्या मॅडम?" त्यांनी जेवताना विचारलं. सान रोके टेबलाच्या टोकाला उभा होता.

"तुम्ही मुद्दाम तसं ठेवलंय म्हणाल्या."

"मुद्दाम?" त्यांनी माशाचं डोकं माझ्या ताटात टाकलं. "जहाजावर असं मुद्दाम केलं असतं तर पुढच्या बंदराला उतरवलं असतं मला."

"वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळालेत, ताताय. चोलेंगमावशीला सांगून तर बघा."

"तुझ्या मॅडम याच्यापुढे गुडघे टेकून नवस बोलणार आहेत का?"

मी सिनिगांगचा आंबट रस भातावर ओतला.

"राहा ना," मी म्हणाले. "दुसरा करून बघा."

"पुढच्या सुट्टीत याचे हात करतो, पेतांग." घरी मी पेतांग. नाकाबद्दल ते बोलले नाहीत.

बाहेर व्हॅनचा भोंगा वाजला. "अनासेलोकाका!" व्हॅनवाला डेन्सियो ओरडला. "तुमची आमटी संपेपर्यंत विमान थांबणारेय का?"

ताताय अर्ध्या ताटावरून उठले. जेवण चालू असताना कोणी प्रवासाला निघालं, तर मागे बसलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. आई होती, मामा होते, तेव्हा सगळी ताटं एकदम फिरायची आणि टेबल जात्यासारखं घरघरायचं. आज एकच ताट होतं. मी ते फिरवलं.

ताताय बॅग घेऊन दारात थांबले होते. "पुरता फेरा," ते म्हणाले.

मी फेरा पुरता केला. व्हॅन गेली.

सकाळी मी भात आणि सुकी मासळी घेऊन बसले, आणि दोन घास झाले नाहीत तोच कोपऱ्यावर मनिलाची बस वाजली. पिशवी उचलून दारापर्यंत गेले. टेबलापाशी सान रोके एकटाच होता. बिचारा स्वतः जन्मभर वाटसरू, माझ्यासाठी ताट फिरवायला त्याने नाही म्हटलं नसतं. पण त्याला हात नव्हते.

परत आले. उभ्याउभ्याच माझं ताट फिरवलं, पुरता फेरा, आणि कुलूप लावलं.