डाव्या बाजूची खाच

मित्रांनो, या टेबलावरचा सर्वांत जुना सूक्ष्मदर्शक मीच. अंग पितळी, पाय जड आणि स्वभाव थोडा तिरसट. तरुणपणी माझ्यातून पाहायला शास्त्रज्ञ रांग लावत. मग कॅमेरावाले नवे आले आणि माझ्यावर कापड पडलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण यांचे नऊ दिवस काही संपेनात. कित्येक वर्षं मी धूळ खाल्ली. फार वाईट वाटायचं.

पुढे इथे वर्षभराचा तयारीवर्ग सुरू झाला. पदवी झालेली, पण ज्यांच्या घरात कोणी प्रयोगशाळेचं दारही पाहिलेलं नाही अशी माणसं इथे मेंदूविज्ञानातल्या पीएचडीची तयारी करतात. यंदा एक माजी सैनिक होता, दोन लेकरांची एक आई होती आणि एक शिंप्याची लेक. तिच्या वाट्याला मी आलो. काम संपलं की ती माझी भिंगं मऊ कागदाने पुसायची. माझा तिच्यावर जीव जडला.

उंदराच्या उजव्या मिशा कापल्या तर मेंदूच्या डाव्या बाजूच्या जाग्या पेशी कमी होतात का, हे ती मोजत होती. मेंदूचे काप कागदाहून पातळ. ते पाण्यातून ब्रशने काचपट्टीवर उचलताना एखादा पालथा पडला, तर डावं-उजवं बदलतं. म्हणून डाव्या कडेला आधीच बारीक खाच पाडतात. पण मोजताना ती पेशींच्या जागेपुरतंच पाहायची, कडेपर्यंत जायची नाही.

तिची पीएचडीच्या प्रवेशाची मुलाखत दुपारी तीनला, याच खोलीत पडद्यावर होती. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती मुलाखतीत दाखवायचं चित्र निवडायला एकटीच बसली. सहज पट्टी सरकवली आणि थबकली. खाच उजवीकडे होती! तिने भराभर बाराही काप तपासले. चार पालथे होते. त्यांचे आकडे बदलले आणि वर्षभराचा ठसठशीत फरक जवळजवळ नाहीसा झाला. माझा जीव टांगणीला लागला.

इतक्यात सैनिक आला. ऐकून म्हणाला, "आत्ता कशाला उकरून काढतेस? परीक्षकांना काय स्वप्न पडणार आहे?"

"मला कळलंय ना," ती म्हणाली आणि वर्गाच्या बाईंना बोलावून आणलं.

बाईंनी धीरबीर काही दिला नाही. "मग तीनला काय सांगणार?" एवढंच विचारलं.

तीनला पडद्यावर तीन परीक्षक दिसले. तिने पहिल्याच वाक्यात चार पालथे काप सांगून टाकले.

"चूक पकडली कोणी?" वयस्कर परीक्षकांनी विचारलं.

"मीच, सर. आज सकाळी."

"आणि सांगितलं नसतं तर?"

"तर माझा निकाल छान दिसला असता, सर."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. हसले मात्र नाहीत.

आठ दिवस तिला धड जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी ती माझ्याशेजारी उभी राहून फोनवर ओरडत होती, "बाबा, आधी मशीन बंद करा, तुम्हाला ऐकू येत नाहीये! घेतलं मला!" मग ती ढसाढसा रडली. पितळेला खारं पाणी सोसत नाही, तरी मी तक्रार केली नाही.

मित्रांनो, जुना झालो म्हणून मला अडगळीत टाकू नका. माझी भिंगं पुसत जा आणि काप कडेपर्यंत पाहत जा. ती खाच दिसली तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. तिने पट्टी गुपचूप मागे सरकवली असती, तर मी कोणाला सांगायला जाणार होतो?