न विचारता भाजलेला राब

या, माउलींनो, जरा पुढं सरका. उकाडा आहेच, पदरानं वारा घ्या, पण कान इकडं द्या. वेल्ह्याच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याशी, एका उन्हाळ्यात एका बाईचं मन कसं तापलं, त्याची ही गोष्ट आहे.

धोंडाबाईनं राखेत हात घातला. चटका बसला तरी तिनं तो काढला नाही. बोटांनी खालची माती उकरली. माती भाजून विटेसारखी तांबडी झाली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी.

"कुनी लावली आग?"

शिवारात दुसरं कुणी नव्हतं. बांधावर फक्त मानसिंग बसला होता, तिचा चुलत दीर. हातात अर्धी जळलेली टहाळी, तोंड काळं, भुवया करपलेल्या.

"म्या लावली, वैनी."

एवढंच बोलून तो उठला आणि आपल्या घराच्या वाटेला लागला. धोंडाबाईला वाटलं, कबूल करतानासुद्धा याचा आवाज हलला नाही.

सकाळी ती भाचीच्या बारशाला उत्रोलीला गेली होती. दुपारच्या एसटीनं परत येते तोवर हा प्रकार. दोन महिने डोंगरातून टहाळ्यांचे भारे तिनं डोक्यावरून आणले होते. शेणाचा थर, त्यावर पाला, पाल्यावर गवत, वरून बारीक माती. हा राब रोहिणीच्या तोंडावर भाजायचा, म्हणजे तण जळतं आणि त्या जागेत टाकलेलं भाताचं बी जोमानं उगवतं. राब बिघडला तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचा भात नाही. रोहिणीला अजून आठवडा होता. तोवर ही राख वाऱ्यावर जायची.

तिनं राबाला फेरी घातली. आग वाऱ्याच्या उलट बाजूनं लावलेली होती, म्हणजे ती हळूहळू सरकत, खोलवर भाजत गेली. कडा झोडपून विझवलेल्या. बांधावरच्या आंब्याचं पानही करपलं नव्हतं. जाळायला आलेला माणूस एवढी राखण करत नाही, हे तिला दिसत होतं. त्यामुळंच तर तिचा संशय दुणावला. याच बांधावरून नऊ वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. हळूहळू तिला उमगलं, निदान उमगलं असं वाटलं. आज राब भाजला, उद्या म्हणेल, इथं मीच राबतो, जागा माझ्या वहिवाटीची.

"आसं हाय व्हय," ती स्वतःशीच म्हणाली आणि तशीच पोलीस पाटलाच्या दारात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीत पंच बसले. ऊन असं की दगडी पायरीवर पाय ठेववेना. पोलीस पाटील गेनू पंच्यानं तोंड पुसत म्हणाले,

"मानसिंग, दुसऱ्याच्या राबाला हात का लावलास रं?"

"आभाळ बदललंय, पाटील. दोन दिस झालं, सकाळचं तोरण्याच्या माथ्यावर धुकं बसतंय. वारं बी फिरलंय."

चावडीत हसू फुटलं. डेअरीवरचा स्वरूप म्हणाला, "धुकं न्हवं त्ये, वणवा लागलाय तिकडं. पारा येक्केचाळीसवर गेलाय, मोबाईल बग की जरा. आन तुला पावसाचा निरोप आला व्हय?"

"एवढं कळतंय," धोंडाबाई म्हणाली, "तर मग सोताचा राब का तसाच ठिवलाय त्यानं? इचारा की."

मानसिंग दाराबाहेर आभाळाकडं बघत होता.

"मला सोडा, पाटील. आज लई काम हाय."

"बगा, पळायला बगतुया! लिहून द्यावं त्यानं आदी, त्या जागंवर माजा काई हक्क न्हाई म्हनून."

"देतो. आना कागद."

इतक्या सहज? धोंडाबाईचे डोळे बारीक झाले. भांडल्याशिवाय मोकळं होणाऱ्या माणसावर तिचा विश्वास नव्हता. कागद साधा नको, शिक्क्याचा हवा, असं तिनं धरून ठेवलं. तो लिहिणारा माणूस विंझरला गेला होता, दुपारनंतर येणार होता. तोवर मानसिंगनं चावडी सोडायची नाही.

तो तीनदा दारापर्यंत गेला, तीनदा परत येऊन भिंतीला टेकला. त्याची बायको नूतन दोनदा येऊन दुरूनच बघून गेली. चार वाजता कागद झाला. मानसिंगनं न वाचता सही केली. पेन खाली ठेवतोय तोच वारा पडला, आणि चावडीच्या पत्र्यावर खडे फेकल्यासारखा आवाज सुरू झाला.

कुणी हसलं नाही.

वळीव येतो, तासभर धिंगाणा घालतो आणि जातो. हा गेला नाही. रात्रभर पडला, दुसऱ्या दिवशी पडला, तिसऱ्या दिवशी पडला. गावातल्या दुसऱ्या एकाही राबाला काडी लागली नव्हती. भिजलेले ढीग काळे पडून सडायला लागले.

चौथ्या दिवशी उघडीप बघून धोंडाबाई खोळ पांघरून शिवारात गेली. तिच्या राबाची राख भाजल्या मातीत मुरून बसली होती. मग ती पहिल्यांदाच बांध ओलांडून पलीकडं गेली. मानसिंगचा राब पाण्यानं फुगला होता. त्याच्या कडेला तोडून ठेवलेल्या टहाळ्यांचा ढीग होता, एक फावडं होतं, आणि आग आवरायला शिवारापर्यंत वाहून आणलेल्या पाण्याचे दोन हंडे. भरलेले. हंड्यांवर झाकणं होती, म्हणजे हे पाणी पावसाचं नव्हतं.

एका माणसाला दिवसाला एकच आग राखता येते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पहिला दिवस त्यानं तिच्या राबाला दिला होता, आणि दुसरा तिनं त्याला चावडीत बसवून घालवला होता.

संध्याकाळी तिनं आपल्या राबात बी टाकलं. अर्ध्याच राबात. नूतन म्हशी घेऊन बांधावरून चालली होती.

"नूतन, तुमचं बी भिजत घातलं का?"

नूतन थांबली, पण जवळ आली नाही.

"कशाला?"

"निम्मा राब मोकळा ऱ्हायलाय. मला लई व्हतुया."

"लई कसं व्हईल? तुमची दोन खाचरं हाईत."

"खालचं पडीक टाकनार हाय औंदा."

नूतननं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग राबाकडं, मग परत तोंडाकडं.

"आन उद्या चावडीत बोलवाल. आमी तुमच्या जागंत घुसलो म्हनून."

धोंडाबाईनं रिकामी पाटी उचलली. ती मान खाली घालून घरी गेली.

दोन दिवस कुणी आलं नाही. अर्धा राब तसाच राहिला. तिसऱ्या सकाळी ती बांधावर बसली असताना पलीकडून चिखलात पावलं वाजली. बियांची पाटी घेतलेला मानसिंग, मागं नूतन. ती दोघं बांधाशी येऊन थबकली.

जन्मभर दुसऱ्याच्या हातावर नजर ठेवून जगलेली ती बाई. ती वळली, राबाकडं पाठ केली आणि डोंगराकडं तोंड करून बसली. मागं बी पडल्याचा आवाज येत राहिला. तिनं वळून पाहिलं नाही.

माउलींनो, गोष्ट एवढीच. देवापुढं हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घ्यालच. ती संपली की, जमलं तर, एकदा मानसिंगचंही नाव घ्या.